चिकट तांदूळ जुना करू नका: निवडण्यापासून वाफवण्यापर्यंत, ठाण्याच्या दमट घरासाठी

आमच्या घरी तांदूळ जुना असणं ही कौतुकाची गोष्ट. "वर्षाचा जुना आहे, भात मोकळा होतो," असं आई पाहुण्यांना सांगायची. त्याच समजुतीवर मी पहिल्यांदा हाती आलेला चिकट तांदूळही जुना केला. शेजारच्या आसामी वहिनींनी जानेवारीत गावाहून येताना चार किलो बोरा साउल आणून दिला होता. थोडा तेव्हाच वापरला, उरलेला स्टीलच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवला. ठाण्याचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्याने तिथेच काढला.

पुढच्या माघ बिहूला, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास येणाऱ्या आसामी सणाला, वहिनी माझ्याच ओट्याशी तीळ पिठा करायला उभ्या राहिल्या. भिजवून, कुटून, चाळलेलं ओलसर पीठ त्यांनी तापल्या तव्यावर पातळ गोल पसरलं, मधोमध तीळगुळाची रेघ घातली आणि उलथन्याने कड उचलली. एव्हाना पीठ स्वतःच्या ओलीवर एकमेकांना धरून पापुद्र्यासारखं व्हायला हवं होतं. ते रांगोळीसारखं सुटं राहिलं. दुसऱ्या पिठ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. वहिनींनी डब्यात हात घालून मूठभर तांदूळ नाकाशी नेला. "हा जुना झाला. ह्याच्यात आता धरणं उरलं नाही."

ते 'धरणं' कशाने जातं आणि कसं राखायचं, हे तेव्हापासून मी मन लावून शिकत आले आहे. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे तांदूळ आणि पिठी हा माझा रोजचा विषय आहेच. मोकळ्या भाताचे बहुतेक नियम चिकट तांदळाला उलटे लागू पडतात. त्याला नवं राहू द्यावं लागतं, गारव्यात ठेवावं लागतं आणि थोडा थोडाच आणावा लागतो.

आधी हा तांदूळ ओळखा

दुकानात 'चिकट तांदूळ द्या' म्हटलं की कुणी इंद्रायणी पुढे करतो, कुणी आंबेमोहोराची कणी. दोन्ही आपल्या जागी उत्तम. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राचं १९८७ सालचं वाण, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातलं. तिचा भात मऊ होतो, गोळा होतो. पण खरा चिकट तांदूळ वेगळाच. तो वाफवून बोटांनी दाबला की दाणे एकमेकांत रुततात आणि गोळा ओढला तर तार सुटते.

फरक स्टार्चचा आहे. तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो. अमायलोज ही लांब, बहुतांशी सरळ साखळी, आणि अमायलोपेक्टिन ही झाडासारखी फांद्याफांद्यांची. मोकळ्या होणाऱ्या तांदळांच्या कित्येक जातींत अमायलोज २५ टक्क्यांच्या वर असतं. खऱ्या चिकट तांदळात ते जेमतेम २ टक्क्यांपर्यंत, बाकी सगळं अमायलोपेक्टिन. ज्या जनुकामुळे दाण्यात अमायलोज तयार होतं, ते या जातींत काम करेनासं झालेलं असतं. इंग्रजीत याला 'ग्लुटिनस' म्हणतात म्हणून काहीजण घाबरून विचारतात, पण गव्हातलं ग्लुटेन यात अजिबात नसतं. मॉलमध्ये मिळणारा आखूड दाण्याचा 'सुशी राईस' हाही खरा चिकट तांदूळ नाही. त्यात अमायलोज असतं.

आपल्या देशात हा तांदूळ मुख्यतः ईशान्येचा. आसामचा बोरा पांढरा. मणिपूरचा चाखाओ काळा, आणि त्याला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोठ्या दुकानांत थायलंडचा लांब दाण्याचा चिकट तांदूळही मिळतो. आमच्याकडे बोरा वहिनींच्या सामानातूनच येतो.

पाकिटावरच्या नावाची खात्री वाटत नसेल तर घरच्या प्रथमोपचाराच्या डब्यातलं आयोडिनचं औषध काढा. एका वाटीत त्याचा एक थेंब दहा-बारा थेंब पाण्यात पातळ करा. दुसरीकडे चिकट म्हणून आणलेले पाच-सहा दाणे आणि घरातल्या कोलमचे पाच-सहा दाणे तासभर भिजवून बत्त्याने ठेचा. दोन बशांत ठेवून दोन्हींवर पातळ आयोडिन टाका. कोलम पाहता पाहता निळाकाळा होतो. खरा चिकट तांदूळ तांबूस-तपकिरी राहतो. हे दाणे अर्थात टाकून द्यायचे. मी ही चाचणी पहिल्यांदा केली तेव्हा 'स्पेशल स्टिकी' म्हणून महागात आणलेलं एक पाकीट शाईसारखं निळं झालं होतं.

नुसत्या डोळ्यांनीही अंदाज येतो. वाळलेला पांढरा चिकट तांदूळ आरपार अपारदर्शक असतो, साबुदाण्याच्या कोरड्या मण्यासारखा दुधी. मधेच काचेसारखे चमकणारे दाणे दिसले तर एक तर साध्या तांदळाची भेसळ आहे किंवा माल नीट वाळलेला नाही. कापणीच्या वेळी, दाण्यात ओल भरपूर असताना, चिकट तांदूळसुद्धा अर्धपारदर्शकच असतो. वाळता वाळता तो दुधी होतो.

शेतापासून गिरणीपर्यंत काय बिघडतं

हा भाग आपल्या हातात नसतो, पण माहीत असला की दुकानात काय पाहायचं ते कळतं.

भात कापतात तेव्हा दाण्यात साधारण २० ते २५ टक्के ओलावा असतो. साठवण्यासाठी तो १४ टक्क्यांवर किंवा त्याखाली आणावा लागतो. मुरबाड-शहापूरकडे ऐन कापणीत परतीचा पाऊस आला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो तो यासाठीच. ओलं भात ढिगात पडून राहिलं की आतून तापतं, बुरशी लागते, दाणे पिवळे पडतात. पिवळा पडलेला दाणा कितीही पॉलिश केला तरी पांढरा होत नाही. चिकट तांदळाच्या पांढऱ्या ढिगात असे दाणे लगेच नजरेत भरतात. मूठभर तांदळात दोन-चारपेक्षा जास्त दिसले तर मी तो माल घेत नाही.

उलटी चूकही होते. घाईने, कडक उन्हात किंवा फार गरम हवेवर वाळवलं की दाण्याचं बाहेरचं अंग आधी आकसतं, आतलं मागे राहतं, आणि दाण्याला आडव्या चिरा पडतात. वाळलेल्या दाण्याला पुन्हा पाणी किंवा दव लागलं तरी तशाच चिरा जातात. मोकळ्या तांदळात चीर म्हणजे फक्त कणी वाढते. चिकट तांदळात त्रास मोठा, कारण तो आधी तासन् तास भिजतो. चिरलेला दाणा पाण्यातच फुटतो, त्याचा चुरा वाफवताना लगदा होतो आणि तोच लगदा अख्ख्या दाण्यांमधून वाफ जाऊ देत नाही.

मग गिरणी. शंभर किलो भातातून साधारण वीस किलो तूस जातं, आठ-दहा किलो कोंडा जातो आणि सत्तरच्या आसपास तांदूळ राहतो. कोंडा आणि त्याबरोबरचा अंकुर यांतच तांदळाचं बहुतेक तेल असतं. तूस शाबूत असेपर्यंत ते तेल सुरक्षित राहतं. दाणा घासला गेला की कोंड्यातला लायपेझ नावाचा विकर तेलाशी भिडतो, तेलाचं विघटन सुरू होतं आणि काही आठवड्यांत खवट वास येऊ लागतो. आपल्या कोकणात कणगीत भातच भरून ठेवत आणि लागेल तसं सडून घेत, त्यामागचं शहाणपण हेच. आसामातही भात राखून ढेकीत, म्हणजे पायाने चालवायच्या मुसळात, लागेल तेवढंच कांडायची रीत होती. चिकट तांदूळ तुसासकट मिळत असेल आणि सडून घ्यायची सोय असेल तर त्याहून चांगली साठवण नाही. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ती सोय नसते, हे मलाही माहीत आहे.

पॉलिशबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा बोरा चवीला सरस, पण तो लवकर संपवा. पाणी आत शिरायला त्याला वेळ लागतो आणि कोंड्याचा थर असल्यामुळे दाणे कमी चिकटतात. खिरीला, पेजेला तो घ्या. वाफवून गोळे करायचे असतील, पिठा किंवा मोदक करायचे असतील, तर पूर्ण पॉलिशचा घ्या. चाखाओ काळा असतो तो कोंड्यातल्या रंगामुळे. त्यामुळे तो पॉलिश करून चालतच नाही, आणि म्हणूनच खवटही लवकर होतो. काळा तांदूळ सहा महिन्यांपूर्वीचा असेल तर पाकीट हातातही घेऊ नका.

दुकानात उभं राहून काय तपासाल

जांभळी नाक्यावर सुटा माल मिळो की वाशीच्या दाणाबंदरातून कुणी आणून देवो, चार गोष्टी पाहा. मुठीत घेऊन तोंडाची गरम वाफ सोडा आणि लगेच वास घ्या. ताज्या चिकट तांदळाला दुधासारखा, किंचित गोडसर वास असतो. कुबट म्हणजे ओल लागली आहे, खवट म्हणजे तेल बिघडलं आहे, आणि जुन्या पुठ्ठ्यासारखा वास म्हणजे वय झालं आहे. तिन्ही वास धुतल्याने जात नाहीत.

एक दाणा दाढेखाली फोडा. कोरडा दाणा 'कट्' करून तुटतो, दमट दाणा दबून तुटतो. हाताला पांढरी पूड जास्त लागली तर एक तर पॉलिश जास्त झालंय किंवा किडीने काम सुरू केलंय. बंद पाकिटावर 'अमुक महिन्यांपर्यंत उत्तम' यापेक्षा पॅकिंगची तारीख महत्त्वाची. ईशान्येकडचा नवा हंगाम हिवाळ्यात येतो, त्यामुळे जानेवारी ते मार्च हा खरेदीचा काळ.

घरी आणल्यावर शंभर दाणे मोजून वाटीभर पाण्यात अर्धा तास ठेवा. चिरलेले दाणे तेवढ्यात तुटतात. दहाबारा तुटले तर तो तांदूळ मी पिठासाठी बाजूला काढते. वीसच्या वर गेले तर तो माल पुन्हा आणत नाही.

जुना होतो म्हणजे आत काय होतं

साठवणीचे नियम पाळताना कंटाळा येतो, म्हणून कारण सांगते. बंद डब्यात, कीड नसताना, ओल नसतानाही तांदूळ बदलत राहतो. दाण्यातलं उरलंसुरलं तेल विघटित होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे वासाचे पदार्थ बनतात. जुन्या तांदळाचा तो ओळखीचा वास त्यातूनच येतो. प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधल्या जातात. पेशींच्या भिंती ताठ होतात. शिजताना दाण्याला फुगायला, फुटायला, बाहेर चिकटपणा सोडायला हे सगळं अडवतं. बासमतीला हेच हवं असतं. त्याचा दाणा लांब आणि सुटा राहतो, म्हणून तो मुद्दाम मुरवतात. चिकट तांदळाचं मोल मात्र बाहेर येणाऱ्या चिकटपणातच आहे.

हा बदल उष्णतेने फार वेगात होतो. फ्रिजच्या ४ अंशांत तो रेंगाळतो, ३५-३७ अंशांत धावतो. गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावरचा माळा मे महिन्यात किती तापतो ते हात लावून पाहा, म्हणजे माझ्या चार किलोंचं काय झालं ते कळेल. आंबेमोहोराचा वासही असाच उडून जातो, म्हणून तोही मी आता जुना करत नाही.

साठवण, पहिल्या दिवसापासून

ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. उघड्या तांदळाचा ओलावा हवेबरोबर जुळतो. ७५ टक्के आर्द्रतेत तो साधारण १४ टक्क्यांवर स्थिरावतो, ८५ च्या वर गेलं की १६-१७ कडे सरकतो, आणि तिथे बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणून आधी कोरडा आहे का ते पाहा, मग बंद करा. ओला तांदूळ हवाबंद केला तर तो आतल्या आत कुबट होतो.

कोरडेपणा पाहायची सोपी युक्ती मिठाची आहे. साधं मीठ तव्यावर कोरडं भाजून गार करा. कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश तांदूळ घाला, दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ बरणीच्या भिंतीला चिकटून राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. सुटं राहिलं तर पुढे चला. (तो मूठभर तांदूळ धुऊन त्याच दिवशी शिजवा.)

ओल निघाली तर ऊन दाखवू नका. गव्हाला, डाळीला आपण बिनधास्त उन्हात टाकतो, पण या तांदळाला कडक ऊन म्हणजे चिरा. सुती चादरीवर बोटभर जाडीने पसरा, पंखा लावा, दर दोन तासांनी हात फिरवा. पावसाळ्यात पंख्याने काही होत नाही, कारण पंखा ओलीच हवा फिरवतो. खोली बंद करून एसी कोरड्या मोडवर लावता येत असेल तर तासाभरात फरक दिसतो. एरवी पावसाळ्यात चिकट तांदूळ विकतच घेऊ नका.

पुढचं पाऊल किडीचं. डब्यात अचानक पोरकिडे दिसले की आपण डब्याला दोष देतो. सोंड असलेला हा किडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक लिंपून टाकतो. आणलेला तांदूळ वरून स्वच्छ दिसत असला तरी अंडी आत असू शकतात. साधारण महिन्याभरात किडे बाहेर येतात. त्यामुळे तांदूळ किलो-किलोच्या जाड पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये चार-पाच दिवस ठेवा. उणे १८ अंशांत अंडी, अळ्या, किडे सगळं मरतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. फ्रीजरमधून काढलेली पिशवी लगेच उघडायची नाही. गार तांदळाला दमट हवा लागली की त्यावर पाणी धरतं, उन्हाळ्यात थंड तांब्यावर धरतं तसं. पिशवी बंदच ओट्यावर रात्रभर राहू द्या. सकाळी बाहेरचं पाणी पुसा, हात फिरवून आतला तांदूळ खोलीइतकाच उबदार झालाय याची खात्री करा, मगच उघडा.

डब्याबद्दल. आपले स्टीलचे डबे दिसायला घट्ट, पण त्यांची झाकणं हवाबंद नसतात. रबरी कडीची काचेची बरणी किंवा जाड प्लॅस्टिकचा क्लिपचा डबा घ्या. काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. पाच किलोंचा एक डबा करण्यापेक्षा एकेक किलोचे पाच करा आणि एका वेळी एकच उघडा. व्हॅक्यूमच्या पिशव्या चांगल्या, पण तांदळाची टोकं बारीक भोक पाडतात. दोन दिवसांनी पिशवी सैल झाली का ते पाहा.

जागा सर्वांत महत्त्वाची. गॅसच्या वरचं कपाट, माळा, बाथरूमला लागून असलेली भिंत, या तिन्ही जागा टाळा. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात जागा असेल तर दुसरा विचार करू नका. फ्रिजमध्ये ठेवलेला बोरा माझ्याकडे आठ महिन्यांनंतरही पिठ्याला धरत होता. बाहेर ठेवायचा तर पॉलिशचा तीन-चार महिने, हातसडीचा आणि काळा दीड-दोन महिने, असा माझा हिशेब आहे. डब्यावर नाव, पॅकिंगची तारीख आणि आणल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहा.

बोरिक पावडर लावू नका. ती खाण्यात वापरायला आपल्याकडे परवानगी नाही. पाऱ्याच्या गोळ्याही डब्यात ठेवू नका. एरंडेल लावायची जुनी रीत साध्या तांदळासाठी ठीक, पण चिकट तांदळावर तेलाचा थोडा तरी थर धुतल्यावरही राहतो आणि दाणे एकमेकांना धरत नाहीत. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत ठेवायला हरकत नाही. त्याने कीड थोडी दूर राहते, पण गारवा आणि कोरडेपणाची जागा तो घेत नाही.

भिजवणं आणि वाफवणं

इथे तांदळाचं वय पाहून वागावं लागतं. तीन पाण्यांत हलक्या हाताने धुवा, चोळू नका. नवा तांदूळ तीन-चार तासांत भिजतो, सहा-आठ महिन्यांचा असेल तर रात्रभर, काळा असेल तर दहा-बारा तास. घड्याळापेक्षा नखावर विश्वास ठेवा. भिजलेला दाणा दोन नखांत दाबला की त्याचं पीठ व्हायला हवं. मधे कडक ठिपका लागला तर अजून तासभर. नीट भिजलेला किलोभर तांदूळ निथळल्यावर सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान भरतो. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात भिजवण फ्रिजमध्येच ठेवा. बाहेर ठेवलं तर सकाळी आंबूस वास येतो, आणि तो वाफेनेही जात नाही.

हा तांदूळ पाण्यात शिजवला तर त्याचा चिकट लगदा होतो. त्याला वाफच हवी. मोदकपात्रात ओलं मलमल घाला, तांदूळ दोन बोटांपेक्षा जाड पसरू नका, मधे बोटाने तीन-चार भोकं पाडा आणि पाणी खळखळल्यावरच पात्र ठेवा. बारा मिनिटांनी मलमलीसकट थर उलटा करा, आणखी दहा-बारा मिनिटं द्या. नव्या तांदळाला एवढं पुरतं. तो मोत्यासारखा चमकतो आणि अर्धपारदर्शक होतो. दाण्यांत पांढरे ठिपके राहिले तर तांदूळ जुना आहे. वरून पाव वाटी कोमट पाणी शिंपडून आणखी दहा मिनिटं वाफवा. काळ्याला एकूण चाळीस मिनिटं तरी लागतात.

पिठाचं गणित

माझ्या मते चिकट तांदळाचं खरं नुकसान दळणात होतं. कोरडा दाणा वेगाने दळला की घर्षणाने तापतो आणि स्टार्चचे सूक्ष्म कण फुटतात. फुटलेले कण भसाभस पाणी पितात, पीठ बाहेरून गिचगिचीत आणि आतून कोरडं होतं, उकड चिरते. भिजलेला दाणा मऊ असतो, तो न तापता सहज सुटतो. आपल्या अनारशांचा तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत आंबट-ओला सुकवून कुटतात आणि पिठ्यासाठी ढेकीत ओला बोरा कांडतात. दोन टोकांच्या दोन स्वयंपाकघरांत एकच रीत सापडली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

घरी करायचं तर तांदूळ पाच-सहा तास भिजवा, चाळणीत निथळा, सुती कापडावर पंख्याखाली अर्धा-पाऊण तास पसरा. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावताच मोडावा, एवढी ओल हवी. मिक्सरमध्ये थोडा थोडा घ्या, दहा-पंधरा सेकंद फिरवा, थांबा, भांडं तळाशी गरम लागलं तर पाच मिनिटं सोडून द्या. बारीक चाळणीतून चाळा, वरचा रवा पुन्हा फिरवा. हे पीठ त्याच दिवशी वापरा, किंवा पिशवीत दाबून फ्रीजरला टाका. बाहेर एक रात्रही टिकत नाही.

गिरणीतून दळून आणायचं असेल तर तांदूळ धुऊन सावलीत पूर्ण कडकडीत वाळवा. गिरणीवाल्या काकांना आधी विचारा की आज तांदूळ कधी लागतो, आणि दुसऱ्या कुणाच्या तांदळानंतरच आपला टाकायला सांगा. गहू किंवा ज्वारीनंतर टाकला तर पहिलं पाव किलो भेसळच असते. घरी आणलेलं गरम पीठ लगेच डब्यात भरू नका. परातीत पसरून गार होऊ द्या, नाहीतर झाकणाला पाणी सुटतं आणि आठवड्यात जाळं धरतं. पिठाचा पृष्ठभाग हवेला उघडा असल्याने ते तांदळापेक्षा कितीतरी लवकर जुनं होतं. बाहेर तीन आठवडे, फ्रिजमध्ये दोन-तीन महिने, त्यापुढे ठेवू नका.

मोदक करणाऱ्यांसाठी एक अनुभवाचं माप. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीच्या दहा वाट्या पिठीला मी एक वाटी चिकट तांदळाची पिठी घालते. उकड लवचीक होते, कळ्या पातळ काढता येतात, आणि गार झालेला मोदक दुसऱ्या दिवशीही कडक होत नाही, कारण गार होताना आधी ताठ होतं ते अमायलोजच. दोन वाट्या घातल्या तर मोदक वाफेत बसतो आणि कळ्या लोळतात. मी ते करून पाहिलं आहे, तुम्ही करू नका.

वाफवलेला उरला तर

वाफवलेला चिकट तांदूळ ओल्या कापडाखाली दोन तास मऊ राहतो. आपल्या उकाड्यात त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. भातात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. फ्रिजच्या साध्या कप्प्यात तो रात्रीत खड्यासारखा होतो, कारण ४ अंशांच्या आसपास स्टार्च सर्वांत वेगाने पुन्हा घट्ट बसतो. म्हणून गरम असतानाच तळहाताएवढे चपटे गोळे करा, एकेक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि गार होताच सरळ फ्रीजरला टाका. लागेल तेव्हा वितळवायची वाट न पाहता मोदकपात्रात आठ-दहा मिनिटं वाफ द्या. वहिनी असे गोळे सकाळी वाफवून त्यावर दही आणि गूळ घालतात. आमच्या घरी ओलं खोबरं आणि चिमूटभर मीठ घालून खातात.